भिंगरीसाठी गॉगल

रविवार, ९ फेब्रुवारी

आजही झेल सुटला.

लोखंडाचा व्यापारी दरवर्षी मालकाला डायऱ्या पाठवतो आणि मालक त्यातली एक मला देतो. मी तिच्यात खिडक्यांची मापं लिहितो. आज पहिल्यांदाच माप सोडून दुसरं काही लिहितोय. डोक्यात ठेवून ठेवून डोकं भणभणायला लागलंय, आणि वर्कशॉपच्या वरच्या या खोलीत ऐकायला चार भिंती आहेत, त्याही पत्र्याच्या.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. डिसेंबरात पंधरा पूर्ण झाली. ती आणि तिची आई दोन वर्षं झाली तिच्या मामाकडे राहतात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती आता क्लबकडून खेळते हे मला नोव्हेंबरात आमच्या पेंटरकडून कळलं. तेव्हापासून दर रविवारी दोन बस बदलून जातो आणि मैदानाच्या जाळीबाहेर उभा राहतो. तिथे पाण्याचा एक जुना टँकर पडून असतो, त्याच्या आडोशाला. टोपी पार भुवयांपर्यंत ओढून. तिला काही कळू देत नाही.

ती उभी राहते ती नेमकी याच बाजूच्या सीमारेषेवर, माझ्याकडे पाठ करून. तिची पाठ मला आता पाठ झालीय. चेहरा काही नीट दिसत नाही. चारनंतर सूर्य समोरून उतरतो तो थेट तिच्या डोळ्यांत. आज चेंडू उंच उडाला, ती बरोबर खाली आली, हात वर केले आणि चेंडू मनगटाला लागून पडला. सगळ्या मुली "अरेरे" म्हणाल्या. तिनं आधी मागे वळून बघितलं, मग चेंडू उचलला.

ही मागे वळायची सवय माझ्या लक्षात आलीय. दर दोन-तीन चेंडूंनी मान वळवते. ऊन चुकवायला करत असणार, दुसरं काय. एवढ्या मुलींत तिलाच का त्या टोकाला उभी करतात? कप्तान कोण आहे तिला एकदा सांगायला पाहिजे.

मी सतरा वर्षं वेल्डिंग करतोय. उजेड डोळ्यांचं काय करतो ते मला कुणी शिकवायला नको. तिला गॉगल घेऊन द्यायचा. ठरलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बसस्टॉपजवळ एक जण छत्री उलटी टांगून तिच्यावर गॉगल लावून बसतो. दीडशेचा एक घेतला. काळाकुट्ट. "ओरिजिनल आहे," म्हणाला. कशाचा ओरिजिनल ते सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत पेंटरनं तो घालून पाहिला आणि स्प्रे गन कमरेवर धरून सगळ्या वर्कशॉपात फिरला. "कसा दिसतोय?" म्हणे.

"उधारी वसुलीला आल्यासारखा."

मग मला राहवलं नाही. गॉगल बाकावर ठेवला, पेंटरच्या भाच्याचा जुना सीझन बॉल आणला होता, तो हातभर उंचीवरून नुसता सोडला. जोरानं मारला नाही, सोडला. काचेचे तीन तुकडे झाले. एक तुकडा सुरीसारखा टोकदार. तो तुकडा मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पेंटर चेष्टामस्करी करणारा माणूस, पण त्यानंही स्प्रे गन खाली ठेवली. शेवटी म्हणाला, "बरं झालं आधी बाकावर ठेवलास."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज कामावरून लवकर निघून चष्म्याच्या दुकानात गेलो. खऱ्या दुकानात, जिथे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. दुकान एक बाई चालवतात. पन्नाशीच्या असतील, स्वतःचा चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. मी हात पँटला पुसून मगच आत गेलो.

म्हटलं, मुलीला क्रिकेट खेळायला गॉगल पाहिजे, चांगला पाहिजे आणि परवडणारा पाहिजे.

बाई हसल्या. "तिन्ही एकदम मागणारे तुम्ही आजचे चौथे."

पण समजावलं छान. घाईगडबड नाही. म्हणाल्या, काळेपणावर जाऊ नका. नुसती काळी काच लावली तर डोळ्यातली बाहुली मोठी होते, आणि काचेत ऊन अडवायची ताकद नसेल तर उलट जास्तच ऊन आत शिरतं. मी म्हटलं, अगदी बरोबर, आमच्याकडेही नवीन माणूस साधा गॉगल लावून वेल्डिंगला बसतो आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू गेल्यासारखा रडत येतो. तेव्हापासून बाई माझ्याशी बरोबरीनं बोलायला लागल्या. त्यांच्याकडे एक छोटं यंत्र आहे, काच त्यात धरली की किती अतिनील किरण आत गेले ते कळतं. मला तीन-चार काचा लावून दाखवल्या.

काच पॉलीकार्बोनेटची हवी, म्हणजे चेंडू लागला तरी फुटत नाही. तपकिरी रंग घ्या, हिरवळीवर लाल चेंडू उठून दिसतो. पोलराइज्ड घ्यायची गरज नाही, ते पाण्यावर आणि डांबरी रस्त्यावर कामाचं, उगीच पैसे जास्त. चष्मा गालाला वळसा घेणारा हवा, म्हणजे बाजूनं ऊन येत नाही. नाकावर आणि कानामागे रबर हवं, घामानं घसरत नाही. मोठ्या नावाचा चार हजाराला आहे, बिननावाचा आठशेला, आणि यंत्रात दोन्ही सारखेच पास. मी म्हटलं, बिननावाचाच द्या, नावानं झेल पकडता येत नाहीत.

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "चेहऱ्याची रुंदी काय? कानशिलापासून कानशिलापर्यंत. वळसा घेणारा चष्मा मापाचा नसेल तर धावताना उडतो नाहीतर डोकं दुखतं."

मी म्हटलं, मध्यम.

"मध्यम म्हणजे? नाकाचं हाड कसं आहे, उंच का बसकं?"

मी समोरच्या काचा बघायला लागलो.

"मुलगी तुमचीच ना?" त्यांनी सहज विचारलं असेल. मी "हो" म्हटलं आणि माप घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काम: शाळेची दोन फाटकं. डोक्यात तेच.

मी रस्त्यावरून चालता चालता समोरच्या घराच्या खिडकीचं माप सांगतो. सूतभर इकडेतिकडे, जास्त नाही. मालक गिऱ्हाइकासमोर पैज लावतो माझ्यावर. आणि स्वतःच्या मुलीच्या तोंडाचं माप येत नाही.

माझ्याकडे तिचं एक शाळेचं ओळखपत्र आहे, सातवीचं. त्यावर पट्टी धरून बसलो. फोटोत चेहरा एकवीस मिलिमीटर भरतो. पण फोटो किती पट लहान आहे ते कसं काढायचं? मग गणवेशाच्या बटणावरून काढलं. ते बटण मीच एकदा आणलं होतं, साडेअकरा मिलिमीटरचं. हिशेब केला तर एकशे बावीस आलं. म्हणजे सातवीत ती एकशे बावीस होती. त्यानंतर मुली कुठून कुठे वाढतात, कोण जाणे. पाठीवरून चेहरा काढता आला असता तर एव्हाना काढला असता.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज झेल नाही, पण जमिनीवरून आलेला साधा चेंडू पायांमधून गेला. चार धावा.

त्यांच्या प्रशिक्षक बाई टँकरपाशी आल्या. मुली त्यांना मॅडम म्हणतात. मला वाटलं आता हाकलणार.

"तुम्ही दर रविवारी असता. कुणाचे पालक?"

"छे. असाच. खेळ बघायला आवडतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत, ते झाकायला मी हात खिशात घातले.

मी म्हटलं, "त्या टोकाच्या मुलीला ऊन लागतं हो डोळ्यांत. दुसरीकडे उभी करा की."

"केली होती," मॅडम म्हणाल्या. "तिला हीच जागा पाहिजे. हट्ट धरून बसते. आणि गंमत सांगू? मंगळवार, गुरुवार सराव असतो, याच वेळेला, याच उन्हात, तेव्हा तिच्या हातून एक चेंडू सुटत नाही. रविवारीच काय होतं कोण जाणे."

मी घरी येईपर्यंत विचार केला. रविवारी सामना असतो, सरावाला असतं त्यापेक्षा दडपण जास्त. दडपणात डोळे जास्त दिपत असतील. आणि हट्टी तर ती आहेच, अवघड जागा मागून घेणारी. गॉगल लवकर मिळाला पाहिजे. आता माप मागायला एकच जागा उरली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी कामाला लागायच्या आधी तिच्या आईला फोन केला. सात महिन्यांनी.

"काय झालं? बरे आहात ना?" तिनं आधी हेच विचारलं.

"बरा आहे. एक काम होतं. भिंगरीच्या चेहऱ्याची रुंदी किती आहे?"

पलीकडचं शिवणाचं मशीन थांबलं. मला वाटलं फोन कटला.

"सात महिन्यांनी फोन केलात," ती म्हणाली, "आणि लेकीच्या तोंडाचं माप मागताय? फाटक बसवायचंय का तिला?"

मी गॉगलचं सगळं सांगितलं. पॉलीकार्बोनेट, तपकिरी काच, नाकावरचं रबर. मी बोलायला लागलो की अशाच गोष्टी बोलतो, हे तिला माहीत आहे. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे खेळताना बघितलंय तुम्ही तिला."

"लांबून."

"हं."

"तिला सांगू नकोस. झोपेत माप घे. शिवणाची टेप असेल ना?"

"बघते," म्हणाली. नेहमीसारखं "ठेवते" न म्हणता फोन ठेवला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मेसेज आला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

"रुंदी १३ सेंमी ४ मिमी. नाक माझ्यावर गेलंय, बसकं. घसरणार. डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे, आरशात सरळ बसवून दोनदा बघितलं. कपाळावर घट्ट नको, डोकं दुखतं. पांढरी फ्रेम नको. निळी चालेल."

किती बारकाईनं माप घेतलंय झोपेत! बाईमाणसांना जमतं हे. निळ्या रंगाचं मात्र तिच्या आईनं उगाच घातलं. हिला निळा आवडतो पहिल्यापासून.

'तिच्या आईला' लिहायचं तर 'हिला' लिहिलं गेलं. खोडत नाही.

एकशे चौतीस. म्हणजे माझ्याशिवाय बारा मिलिमीटर.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लिहून टाकतो. कालपासून टाळतोय.

दोन वर्षांपूर्वी तिची निवड चाचणी होती. मी आधीच सांगितलं होतं, क्रिकेट पुरे आता, अभ्यासाकडे बघ, खेळून कुणाचं पोट भरलंय? ती ऐकेना. भिंगरी कुणाची ऐकते? आई तिच्या बाजूची. मग मी चाचणीच्या दिवशी पहाटे तिचे बूट उचलले, वर्कशॉपात आणले आणि माझ्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवले. मला वाटलं, बूट नाहीत म्हणजे जाणार नाही. सोपा हिशेब.

ती अनवाणी गेली. अनवाणी खेळली, दोन तास, तापलेल्या मैदानावर. संध्याकाळी घरी आली तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते. तिची आई परातीत पाणी घेऊन बसली होती. भिंगरी रडली नाही. नुसतं विचारलं, "बाबा, कुठे ठेवलेस?" मी सांगितलं नाही. आजपर्यंत माझ्याही लक्षात येत नाही का सांगितलं नाही. बूट कुठे आहेत एवढंच विचारत होती पोर.

त्या आठवड्यात दोघी गेल्या. कुणी भांडलं नाही. घरभाडं एकट्याला जड म्हणून मी इथे वर राहायला आलो.

पुढच्याच महिन्यात मी बूट मामाच्या पत्त्यावर पाठवून दिले. एव्हाना तिला ते लहान झाले असणार.

याचा गॉगलशी काही संबंध नाही. मनात आलं म्हणून लिहिलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

गॉगल घेतला. निळी फ्रेम, तपकिरी काच.

दुकानातल्या बाईंनी माप वाचलं आणि म्हणाल्या, "असं माप डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा देत नाही. कुणी घेतलं?"

"तिच्या आईनं. झोपेत."

"झोपेत?" बाई म्हणाल्या. "झोपलेला माणूस आरशासमोर सरळ बसतो वाटतं तुमच्याकडे."

मी हसलो, त्याही हसल्या. कधी कधी गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणून बोलतात लोक.

दांड्यांच्या टोकाला रबराच्या आत तार आहे, ती हातानं वाकते. बाईंनी डावी दांडी डाव्या कानाच्या मापानं जराशी उचलून दिली. मग मला म्हणाल्या, घालून बघा. माझं तोंड एकशे अठ्ठेचाळीस, मला कसा होणार? पण घातला. दोन्ही कानशिलांवर दाब येत होता. आरशात बघून मला वाटलं, एवढीच आहे ती. एवढीशी.

रविवार, २३ फेब्रुवारी

सामना सुरू व्हायच्या आधी मॅडमना गाठलं. डबी पुढे केली. म्हटलं, त्या मुलीला द्या, क्लबकडून आहे म्हणून सांगा.

मॅडमनी हात मागेच ठेवले. "क्लब चहा देत नाही हो मुलींना. गॉगल कुठून देणार? तुम्हीच द्या." आणि मी काही म्हणायच्या आत तिला हाक मारली.

ती आली. धावत नाही, चालत. जाळीच्या पलीकडे उभी राहिली. दोन वर्षांनी समोरून पाहिलं. उन्हानं रापलीय. हनुवटीवर नवी खूण आहे, चेंडू लागला असणार, मला माहीत नाही कधी. मी ठरवून गेलो होतो बोलायचं ते सगळं विसरलो.

"फुटत नाही," मी म्हटलं. "काच. मी बघितलंय तपासून."

जाळीच्या भोकातून डबी जाईना. मी वरून द्यायला टाचा उंचावल्या, तीही उंचावली. तिचा हात माझ्या हाताला लागला. तळवा घट्ट झालाय, माझ्यासारखा.

तिनं गॉगल घातला. डोकं जोरात हलवलं, दोन उड्या मारल्या. हलला नाही.

"बसला," म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर का उभे राहता? आत यायला तिकीट नसतं."

तुम्ही म्हणाली. आईसारखं बोलायला लागलीय. मोठी झाली, चांगलं आहे. मला मात्र आपलं वाटलं, मागे दुसरं कुणी उभं आहे की काय.

"इथून बरं दिसतं," मी म्हटलं.

"मी गुरुवारी जातेय," ती म्हणाली. "म्हणजे या नाही, पुढच्या. सहा तारखेला. निवासी शिबिर आहे, वर्षभराचं. तिथेच शाळा, तिथेच सराव. आईनं सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. किंवा मी फोनवर पॉलीकार्बोनेटचं सांगत होतो तेव्हा सांगायचं राहिलं असेल.

"लांब आहे?"

"बसनं अकरा तास."

मॅडमनी शिटी मारली. ती गेली, पण पाच-सहा पावलांवर थांबून गॉगल नीट केला. नीटच होता.

मी आत गेलो नाही. आत सगळ्या मुलींचे आईवडील बसतात, डबे घेऊन. पण आज टँकरच्या आड नाही थांबलो, बाजूला उभा राहिलो. भिंगरीनं दोन झेल घेतले, दुसरा तर पळत जाऊन, सूर्य सरळ तोंडावर असताना. गॉगलचा गुण. मॅडम लांबून माझ्याकडे बघून हसल्या. भिंगरी मान मात्र आजही मागे वळवत होती, म्हणजे बाजूनं थोडं ऊन अजून येत असणार. बाईंना विचारायला हवं.

रविवार, २ मार्च

आज मैदानात नव्हती. सामानाची बांधाबांध करत असेल. तरी पूर्ण सामना बघितला. त्या टोकाला दुसरी मुलगी उभी होती, ती एकदाही वळली नाही.

गुरुवार, ६ मार्च

बस पावणेपाचला होती. मालकाला सोमवारीच सांगितलं होतं. पण बंगल्याच्या जिन्याचं रेलिंग बसवताना भिंत सरळ नाही निघाली, आणि अर्धवट सोडलं तर कुणीतरी कोसळायचं. स्टँडवर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. फलाट रिकामा. तिची आई बाकावर बसली होती, मांडीवर पर्स धरून. बस गेल्यावरही उठली नव्हती.

मी शेजारी बसलो. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"जिन्याचं काम होतं," मी म्हटलं.

"असणारच."

आम्ही चहा घेतला. साखर कमी घ्यायला लागलीय ती. किती दिवस झाले विचारलं नाही. मामाची नोकरी, तिचं शिवणकाम, माझा गुडघा, असं बोललो. वीस मिनिटं असतील. एवढं तर आम्ही एका घरात राहून वर्षभरात बोललो नव्हतो.

मग ती म्हणाली, "शेवटच्या सीटवर बसली. बस वळेपर्यंत मागच्या काचेतून बघत होती."

"त्या बाजूला सावली असेल," मी म्हटलं. "पश्चिमेला जाणारी बस ना."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. तोंडावर पदर नाही, काही नाही, चांगली मोकळी हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "तुम्ही," ती म्हणाली, "लोखंडच राहणार."

मी विचारलं यात हसण्यासारखं काय आहे. ती पर्स उचलून उठली. बसस्टॉपपर्यंत सोबत चाललो.

मंगळवार, ११ मार्च

खोलीत पत्रा तापतो. खालून ग्राइंडरचा आवाज येतो. सगळं जिथल्या तिथे आहे. रविवारी जायला कुठे नाही, तरी शनिवारी शर्ट धुतला.

शनिवार, १५ मार्च

दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. अनोळखी नंबर. हात ग्रीसचे होते म्हणून कोपरानं दाबला.

"बाबा, गॉगल घसरतोय."

मी फोन खांद्यात धरला, हात फडक्याला पुसले. मग मी विचारलं, नाकावरून का कानावरून? नाकावरून, म्हणाली. मी सांगितलं, नाकावरचं रबर रोज साबणाच्या पाण्यानं धू, चेहऱ्याचं तेल बसतं त्यावर. आणि क्रीम लावून लगेच घालू नकोस. पुसायला सदऱ्याचं टोक वापरू नकोस, डबीतलं फडकं वापर. ती "हो" म्हणत होती. मग म्हणाली, इथे उकाडा फार आहे. खोलीत चौघी आहेत. एक घोरते. पहाटे पाचला पळायला लावतात. मी म्हटलं, घाम जास्त येतो म्हणूनच घसरत असेल.

अकरा मिनिटं झाली.

बुधवार, १९ मार्च

पुन्हा फोन. आता डावी दांडी टोचतेय.

डावी तर बाईंनी माझ्यासमोर बसवली होती. मी सांगितलं, टोकाला रबर आहे, त्याच्या आत तार आहे, अंगठ्यानं हळूच बाहेरच्या बाजूला दाब, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढं. तिनं फोन न ठेवता केलं. "झालं," म्हणाली. मग परवाच्या सामन्याचं सांगितलं, दोन झेल आणि एक धावबाद. मग विचारलं, तुझा गुडघा कसा आहे. गुडघ्याचं हिला कुणी सांगितलं? मी म्हटलं, बरा आहे, जिने चढताना बोलतो थोडा.

अठरा मिनिटं.

शुक्रवार, २१ मार्च

उजवी दांडी.

आता मात्र मला काळजी वाटायला लागली. फ्रेममध्येच दोष असणार. मी म्हटलं, भिंगरे, हा परत पाठव, मी बदलून घेतो, नाहीतर सरळ तो चार हजारवाला पाठवतो, मालकाकडून उचल घेईन.

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी फोन कानापासून लांब धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "नको बाबा. हाच राहू दे. मला हाच पाहिजे. तू फक्त सांगत जा काय करायचं ते."

विचित्र मुलगी. सारखा त्रास देणारा गॉगल कुणाला आवडतो? पण म्हटलं, बरं. सांगत जाईन.

शनिवार, २२ मार्च

कामावरून सुटल्यावर दुकानात गेलो. बाईंना सगळं सांगितलं: आधी नाक, मग डावी दांडी, मग उजवी. म्हटलं, पुढच्या वेळी तिनं विचारलं आणि मला आलं नाही तर पंचाईत होईल. गॉगलमध्ये काय काय बिघडू शकतं ते सगळं मला एकदा शिकवा.

बाईंनी साखळीतला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, त्याला म्हणाल्या, दोन मिनिटं थांबा. मग मला स्टूल दिलं. बिजागरीचा स्क्रू कसा सैल होतो ते दाखवलं, आणि तो कसा आवळायचा. काचेवर चरे पडले तर काय. वाफ धरते तेव्हा काय. रबर सुटलं तर. कडेनं ऊन आलं तर. मी सगळं या डायरीच्या मागच्या पानांवर मापांसारखं उतरवून घेतलं, आकृत्या काढून.

उठताना विचारलं, झालं का सगळं?

"छे हो," बाई म्हणाल्या. "अजून सात-आठ गोष्टी तरी बिघडू शकतात."

बरं वाटलं.